रायफलच्या दस्त्याला तेल: घाण्याचं जवस, डबल बॉइल्ड की टंग?

दस्त्यावरचं (रायफलच्या लाकडी भागावरचं) जुनं पॉलिश उतरवून लाकडाला तेल पाजायचं ठरवलं, की पुण्यात तीन पर्याय समोर येतात: लाकडी घाण्याचं जवस तेल, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड (लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं जवसाचंच तेल) आणि टंग झाडाच्या बियांचं शुद्ध टंग तेल. तिन्ही हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतात. म्हणून चकाकीपेक्षा दोन गोष्टी तपासा: तेलाचा एक हात (थर) किती दिवसांत वाळतो आणि आपल्या पावसाळ्यात तो कसा टिकतो.

घाण्याचं तेल कधी घरातच असतं, त्यामुळे मोह होतो. पण ते कच्चं तेल. पातळ हातसुद्धा वाळायला आठवडा, कधी कित्येक आठवडे लागतात. जुलैत लावलं तर दस्ता चिकटच राहतो, त्यावर धूळ बसते आणि मग बुरशी धरते. घरी उकळूनही ते ‘बॉइल्ड’ होत नाही. दुकानातल्या तेलात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार असतात, त्यांनी ते लवकर वाळतं. गॅसवर तेल तापवणं म्हणजे आगीला आमंत्रण, ते करूच नका. ली-एनफिल्डसारख्या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या, आधीच जवस तेलात मुरलेल्या दस्त्याला कोरड्या हवेत वर्षातून एकदा दोन-चार थेंब चोळायला मात्र हे तेल उत्तम.

डबल बॉइल्ड लिनसीड रविवार पेठेतल्या रंग-हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतं आणि स्वस्तही पडतं. कोरड्या दिवसांत पातळ हात २४ ते ४८ तासांत वाळतो. अक्रोडाला त्याने सुरेख तांबूस खोली येते, बीचचं लाकूड मात्र पिवळट होतं. उणीव एकच, पण मोठी: पाण्यापुढे ते कमी पडतं. ओला दस्ता पुसायचा राहिला तर डाग उमटतो. तरी ओरखडा पडला की तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळून भागतं, सगळं पॉलिश काढावं लागत नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने हेच घ्यावं.

टंग तेल पाणी जास्त रोखतं आणि लाकडाचा रंग फारसा बदलत नाही. किंमत जास्त, आणि बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं. डब्यावरचा मजकूर नीट वाचा: ‘टंग ऑइल फिनिश’ नावाने विकला जाणारा माल बहुतेकदा पातळ केलेलं व्हार्निश असतो. दोन हातांच्या मध्ये २ ते ३ दिवस जाऊ द्यावे लागतात, ५-६ हात लागतात आणि पूर्ण कडक व्हायला महिना जातो. जाड लावलं तर सुरकुत्या पडतात, पांढुरकी झाक येते.

थोडक्यात, बालेवाडीच्या १० मीटर हॉलमध्ये वापरायच्या एअर रायफलला डबल बॉइल्ड पुरतं. मुळशी-मावळच्या दमट घरात राहणाऱ्या किंवा पावसात बाहेर निघणाऱ्या रायफलला टंगचा खर्च सार्थ आहे. सागाच्या दस्त्यात लाकडाचं स्वतःचं तेल असतं, त्यामुळे कुठलंही तेल उशिरा वाळतं. लावण्याआधी थिनरने पुसून घ्या.

पुढची रीत तिन्हींना एकच. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी आणि अ‍ॅक्शन (गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा) दस्त्यापासून वेगळी करा. १८०, २४० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेघांच्या दिशेने घासा. मग ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे तंतू उभे राहतील. वाळल्यावर ३२०ने हलकेच कापून टाका. हे दोनदा करा, नाहीतर पहिल्या घामाने दस्ता खरखरीत होईल.

पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून द्या, दोन-तीन चमचे पुरतात. २० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून कोरडं करा. पुढच्या हातांना नुसतं तेल, तेही काही थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळा. अक्रोडाची छिद्रं भरायची असतील तर तिसरा हात ४०० नंबरच्या वॉटर पेपरने तेलातच घासा आणि तयार झालेला गाळ रेघांना आडवा पुसून छिद्रांत बसवा. पकडीसाठी कोरलेल्या नक्षीवर तेल साचू देऊ नका, दातांच्या ब्रशने काढा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते बटप्लेटखालच्या (खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या पट्टीखालच्या) लाकडाकडे. तिथे रेघांची टोकं उघडी असतात आणि ओल तिथूनच शिरते. मग लाकूड फुगतं, अ‍ॅक्शनची दस्त्यातली बसण सरकते आणि नेम हलतो. तिथे तेल पिणं थांबेपर्यंत हात द्या. अ‍ॅक्शनच्या खाचेत मात्र एकच पातळ हात, आणि इपॉक्सीचं बेडिंग (अ‍ॅक्शन घट्ट बसावी म्हणून भरलेला थर) असेल तर तिथे काहीच नको.

हात चिकट राहिला तर वर दुसरा देऊ नका. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या ०००० नंबरच्या स्टील वूलने (अगदी बारीक पोलादी तारांच्या बोळ्याने) वरचा थर उतरवा, पुसा आणि दोन दिवस थांबा.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कधीही टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात बुडवा किंवा गच्चीत एकेक पसरून पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात टाका.