फ्रॅजाइल एक्सचं एकत्रित क्लिनिक : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने आमच्या पालकगटातली घरं फ्रॅजाइल एक्ससाठीच्या एकत्रित क्लिनिकमध्ये जात आहेत. फ्रॅजाइल एक्स म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या दोषामुळे येणारा, बुद्धी, बोलणं आणि वागणं यांवर परिणाम करणारा आनुवंशिक विकार. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, जेनेटिक कौन्सेलर, मानसशास्त्रज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट एकाच सकाळी एकाच मजल्यावर भेटतात. कान-नाक-घसा आणि डोळ्यांच्या विभागात त्याच दिवसाची वेळ आधीच घेऊन ठेवलेली असते. अनुभव चांगला आहे. तो कशामुळे चांगला आहे हे मात्र नीट सांगायला हवं, कारण 'सर्व तज्ज्ञ एका छताखाली' ही पाटी आता बऱ्याच ठिकाणी दिसते.

पहिली पारख फाइल उघडतानाच होते. बरीच घरं हातात 'नॉर्मल' एक्झोम रिपोर्ट (अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी) घेऊन येतात आणि जनुकीय काही नाही असं धरून चाललेली असतात. फ्रॅजाइल एक्स नेहमीच्या एक्झोममध्ये दिसत नाही. एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि दोष असतो तो त्यांच्या संख्येत. ४४ पर्यंत नॉर्मल, ४५ ते ५४ सीमेवरचे, ५५ ते २०० प्रीम्युटेशन (म्हणजे पूर्ण दोषाच्या आधीची पायरी) आणि २०० च्या वर पूर्ण म्युटेशन. २०० च्या वर गेलं की सहसा जनुकावर मिथाइलचं कुलूप बसतं आणि एफएमआरपी हे प्रथिन तयार होणं थांबतं. यासाठी ट्रिपलेट-प्राइम्ड पीसीआर ही वेगळी तपासणी सांगावी लागते, गरजेप्रमाणे सदर्न ब्लॉट किंवा मिथिलेशनची चाचणीही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत थोडंसं रक्त पुरतं, मूल उपाशी असण्याची गरज नाही आणि खर्च एक्झोमपेक्षा पुष्कळ कमी येतो. रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं असेल तर आकडा मागून घ्यावा. पुढचं सगळं समुपदेशन त्या आकड्यावरच चालतं.

क्लिनिकची खरी किंमत कळते ती कौन्सेलरच्या खोलीत. तीन पिढ्यांचा नकाशा काढताना तिथे आईच्या वडिलांचे हात थरथरतात का, चालताना त्यांचा तोल जातो का, मावशीची पाळी चाळिशीच्या आत थांबली का, हे विचारतात. ही चौकशी वरवरची नव्हे. प्रीम्युटेशन असलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पन्नाशीनंतर थरथर आणि तोल जाण्याचा विकार होतो, आणि तो अनेकदा पार्किन्सन म्हणून हाताळला जातो. प्रीम्युटेशन असलेल्या बायकांपैकी सुमारे २० टक्क्यांची बीजकोशं वेळेआधी थकतात. तपासायला नातू आणलेला असतो, पण आजोबांना योग्य न्यूरॉलॉजिस्टकडे आणि मावशीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवणारी चिठ्ठीही त्याच भेटीत मिळते. वेगवेगळ्या ओपीडीत हे जुळत नाही, कारण तिथे प्रत्येकासमोर एकच केसपेपर असतो.

याच खोलीत आणखी एक ओझं उतरतं. 'नात्यातलं लग्न नाही, मग हे आलं कुठून?' असं घरात विचारलं जातं आणि बोट आईकडे वळतं. फ्रॅजाइल एक्सचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. प्रीम्युटेशन असलेला बाप ते आपल्या सगळ्या मुलींना देतो, मुलग्यांना एकालाही देत नाही, आणि त्याच्याकडून जाताना आकडा सहसा प्रीम्युटेशनच्या पुढे जात नाही. आईकडून बाळाकडे जाताना तो पूर्ण म्युटेशनपर्यंत उडी मारू शकतो. आकडा नव्वदीच्या पुढे असेल तर उडीची शक्यता फारच मोठी. हे सासू-सासऱ्यांसमोर, मराठीत, कागदावर गोल आणि चौकोन काढून समजावलं जातं. आमच्या मते या सेवेतला सर्वांत मोलाचा अर्धा तास तो हाच.

मुलांच्या तपासणीचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंची पट्टी येते: गेट, लिफ्ट, वजनकाटा, कानात बघायची बॅटरी, शेवटी घरी जाणारी रिक्षा. ही मुलं नव्या जागेत लवकर भेदरतात. तसं झालं की ती हात चावतात, पंजे फडफडवतात आणि मग त्या दिवशी कुठल्याच चाचणीला अर्थ उरत नाही. म्हणून बोलण्या-खेळण्याचं काम आधी आणि अंगाला हात लावायची तपासणी शेवटी. स्पीच थेरपिस्ट मुलाच्या समोर न बसता शेजारी बसतात, कारण नजरेला नजर भिडली की मूल गप्प होतं. कान मात्र प्रत्येक भेटीत बघून घ्यावेत. मधल्या कानात वारंवार पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि उशिरा येणाऱ्या बोलण्याचं खापर नुसतं फ्रॅजाइल एक्सवर फुटतं.

औषधं एकच डॉक्टर लिहितात, हा नियम फार कामाचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांत चंचलतेवरची उत्तेजक औषधं चिडचिड वाढवू शकतात आणि क्लोनिडीन या औषधाने झोप येते, रक्तदाब उतरतो. दोघांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या तर नेमकी गडबड इथेच होते. दुपारी सगळे एकत्र बसून एक पान तयार करतात. त्यावर तीनच उद्दिष्टं असतात आणि प्रत्येकापुढे घरी कोणी काय करायचं ते लिहिलेलं असतं. पंधरा उद्दिष्टांची यादी घरी फ्रिजवर लटकत राहते. तीन खरोखर केली जातात.

आता उणिवा. दोन भेटींमधला काळ कच्चा आहे. फिट आली किंवा शाळेने काढून टाकायची भाषा केली, तर कोणाला फोन करायचा हे ठरलेलं नाही. शाळेसाठीचं पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मिळालेलं पहिलं पत्र मोघम असतं. त्यात नेमकं लिहून घ्यावं: सूचना चित्रांतून द्याव्यात, आख्खा शब्द ओळखायला शिकवावा, अक्षर-अक्षर जोडण्यावर अडून बसू नये, वर्गाबाहेर फेरी मारायची मुभा असावी.

यूडीआयडी कार्डाबाबतही, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राबाबतही, क्लिनिकने आधीच सांगायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगतेच्या २१ प्रकारांत फ्रॅजाइल एक्स हे नाव नाही. प्रमाणपत्र बौद्धिक दिव्यांगता किंवा ऑटिझम या नावाखाली मिळतं, तेव्हा मानसशास्त्रज्ञांच्या रिपोर्टमध्ये या दोहोंपैकी लागू असलेला शब्द स्पष्ट हवा. तो नसेल तर जिल्हा रुग्णालयातून परत पाठवतात. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं वर्षाचं १ लाखापर्यंतचं संरक्षणही त्याच प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. बुद्ध्यांकाची चाचणी घरातल्या भाषेतच मागा. मराठी बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीत घेतली तर आकडा खोटाच येणार.

सर्वांत मोठी पोकळी अठराव्या वर्षानंतरची. बालरोग विभाग हात सोडतो आणि प्रौढांच्या ओपीडीत फ्रॅजाइल एक्स जाणणारं कोणी भेटेल याची खात्री नाही. सोळाव्या वर्षापासूनच एक सारांशपत्र मागून ठेवावं. सीजीजीचा आकडा, फिट्सचा इतिहास, आजवर कोणती औषधं चालली आणि कोणती सोसली नाहीत, हृदयाची झडप तपासल्याची तारीख आणि सही करू शकणाऱ्या पालकाचं नाव, एवढं त्या एका पानात मावतं.