टेबल दुसऱ्या स्कीमात न्यायचंय: आहे तेच हलवायचं की नवं बनवून भरायचं?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्कीमा म्हणजे टेबलं गटाने ठेवायचा कप्पा, आणि सुरुवातीला सगळी टेबलं 'पब्लिक' स्कीमात पडतात. पसारा वाढला की हिशेबाची वेगळी, साठ्याची वेगळी अशी वाटणी करावी लागते, आणि तेव्हा दोन वाटा समोर येतात: 'ऑल्टर टेबल'ला 'सेट स्कीमा' जोडणं, किंवा नव्या स्कीमात तसंच टेबल बनवून डेटा भरणं.

माझा कौल पहिल्या वाटेला. तिच्यात डेटाला हातच लागत नाही, फक्त कॅटलॉगमधली (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीतली) नोंद बदलते. टेबल १० एमबीचं असो की ५०० जीबीचं, काम तेवढंच. इंडेक्स, कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) आणि कॉलमच्या मालकीचे सीक्वेन्स (ओळीने आकडे देणारे) सोबत जातात. ट्रिगरही (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा) जातो, त्याचं फंक्शन मात्र जुन्या स्कीमातच राहतं. व्ह्यू (साठवलेली क्वेरी) आणि फॉरेन की (दोन टेबलांमधला दुवा) टेबलाला नावाने नव्हे तर ओआयडीने, म्हणजे आतल्या ओळख-क्रमांकाने ओळखतात, त्यामुळे त्या तुटत नाहीत. चटका बसतो तो लॉकचा. ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, म्हणजे तोवर बाकी कुणाला टेबल वाचताही येत नाही. एखादा लांबलचक रिपोर्ट आधीच चालू असेल तर कमांड त्याच्यामागे अडकते आणि बाकीच्या क्वेरी कमांडमागे. 'लॉक टाइमआउट' (लॉकसाठी थांबायची मर्यादा) लावल्याशिवाय चालू सिस्टिमवर हे करू नका.

दुसऱ्या वाटेवर जुन्या टेबलासारखं नवं बनवायला 'क्रिएट टेबल'मध्ये 'लाइक' आणि 'इन्क्लुडिंग ऑल' वापरतात. या 'ऑल'वर विसंबू नका. फॉरेन की, ट्रिगर आणि परवानग्या त्यात येत नाहीत. सीरियल (आपोआप आकडा भरणाऱ्या) कॉलमचा डिफॉल्ट जुन्याच सीक्वेन्सकडे बोट दाखवत राहतो. मग जुनं टेबल ड्रॉप होईना म्हणून कोणी 'कॅस्केड' (अवलंबून असलेलंही काढून टाकणं) लावलं की व्ह्यू जातात आणि नव्या टेबलाचा डिफॉल्टही जातो. पार्टिशन करायचं (टेबलाचे तुकडे पाडायचे) असेल किंवा वेगळ्या डेटाबेसमध्ये जायचं असेल, तरच ही वाट धरा.

खरा धोका दोन्हीकडे सारखाच आहे: पीएल/पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची भाषा) फंक्शनचा मजकूर. त्यातली टेबलांची नावं पोस्टग्रेस तपासत बसत नाही. जुनं स्कीमा लिहिलेलं असेल तर फंक्शन पुढच्या वेळी चालवल्यावरच फुटतं. म्हणून आधी फंक्शनांच्या यादीच्या, म्हणजे 'पीजी_प्रॉक'मधल्या 'प्रोसोर्स' कॉलमात टेबलाचं नाव शोधा. आवृत्ती १४ पासून 'बिगिन ॲटॉमिक'ने लिहिलेल्या एसक्यूएल फंक्शनांची अवलंबनं नोंदली जातात, ती सुरक्षित आहेत. टेबलावरच्या परवानग्या हलवल्यावरही टिकतात, पण नव्या स्कीमावर 'युसेज' (स्कीमा वापरायची परवानगी) दिलेलं नसेल तर ॲपला टेबल वाचता येत नाही. ॲपचा कोड लगेच बदलता येत नसेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्या जागी जुन्या नावाचा व्ह्यू ठेवा आणि त्यावर ॲपला परवानग्या द्या. साधा व्ह्यू असेल तर त्यातून इन्सर्ट-अपडेटही चालतं.

इतर डेटाबेसवर हा हिशेब बदलतो. एसक्यूएल सर्व्हरचं टेबल हलवणारं 'ट्रान्सफर' टेबलावरच्या परवानग्या काढून टाकतं. मायएसक्यूएलमध्ये टेबलावर ट्रिगर असेल तर दुसऱ्या डेटाबेसात 'रिनेम टेबल' होतच नाही. ओरॅकलमध्ये स्कीमा म्हणजेच मालक, त्यामुळे तिथे सहसा डेटा पंप या निर्यात-आयातीच्या साधनाचं 'रीमॅप स्कीमा' वापरून टेबल नव्याने भरावं लागतं.