छापील टाचणवही: तीन वर्ग, दोन विषय आणि एक अख्खं वर्ष

गेल्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवडाभर आधी चोपड्याच्या बसस्टँडजवळच्या दुकानातून ही टाचणवही, म्हणजे शिक्षकाने रोजच्या पाठांचं नियोजन लिहायची वही, घेतली. फुलस्केप आकार, २४० पानं, किंमत २१० रुपये, मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘उच्च प्राथमिक: मराठी व सामाजिक शास्त्रे’. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. तशाच आखणीच्या आणखी दोन वह्या मी सहकाऱ्यांच्या टेबलावर पाहिल्या आहेत आणि पुढे जे सांगणार आहे ते तिन्हींना लागू पडतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. सहावी, सातवी, आठवी या तिन्ही वर्गांचं मराठी माझ्याकडे आणि इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोलही माझ्याकडेच. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. वर्गात अहिराणी बोलणारी मुलं आहेत, पाड्यांवरून येणारी पावरी बोलणारी आहेत, आणि प्रमाण मराठी ही दोघांनाही शाळेतच भेटते. एवढं सांगितलं की टाचणवहीकडून मला काय हवं होतं ते कळेल.

आधी वहीचे गुण. शेवटच्या तीस पानांत तिन्ही इयत्तांच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना शेवटी काय यायला हवं त्याची यादी, संकेतांकासह छापल्या आहेत. पूर्वी मी त्या मोबाइलवर शोधत बसायची आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क जायचं. आता पान उलटलं की झालं. वेळापत्रकाची चौकट, सुट्ट्यांची यादी, वार्षिक आणि मासिक नियोजनाची पानं सुरुवातीलाच आहेत. ऑक्टोबरमध्ये मी दोन दिवस प्रशिक्षणाला गेले, तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी माझी वही उघडून सातवीचा तास घेतला. कुठला घटक, कुठपर्यंत आला, कुठलं साहित्य कपाटात आहे, हे त्यांना विचारावं लागलं नाही. माझ्या हाताने आखलेल्या जुन्या रजिस्टरमधून त्यांना हे सापडलं नसतं.

कागद मात्र पातळ. शाईपेन वापरलं की अक्षरं मागच्या पानावर उमटतात, त्यामुळे मी बॉलपेनवर आले. बांधणी नुसती डिंकाची आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मधली सोळा पानं सुटी झाली, ती मी दाभण आणि जाड दोऱ्याने शिवून घेतली. रोज पिशवीतून नेण्या-आणण्याची वस्तू शिवलेलीच हवी.

आता मुख्य गोष्ट. वहीचा अर्धा भाग मराठीचा आणि अर्धा सामाजिक शास्त्रांचा. प्रत्येक भागात इयत्तावार वेगळी पानं, आणि पानावर दिनांक, तासिका, घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, पद्धती, साहित्य, मूल्यमापन, शेरा असे रकाने. एक इयत्ता, एक विषय शिकवणाऱ्याला ही आखणी पुरेल. माझ्यासारख्या तीन वर्गांच्या बाईला ती पहिल्याच महिन्यात कमी पडली.

सातवी आणि आठवी, दोन्हींच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिला पाठ इतिहासाच्या साधनांचा, आणि सहावीतही तो सुरुवातीलाच येतो. भौतिक, लिखित, मौखिक साधनं. काळ वेगळा: सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक. पण मूळ प्रश्न एकच, की हे आपल्याला कशावरून कळलं? जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी तिन्ही वर्ग एका खोलीत बसवले आणि चार तासिका एकत्र घेतल्या. मुलांनी घरून वस्तू आणल्या: आजीचं जातं (त्याचा फोटो), जुना सातबारा, पितळी मापटं, एकाने आजोबांचं एसटीचं ओळखपत्र. कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी दोन मुलींनी म्हणून दाखवली, तेव्हा मौखिक साधन म्हणजे काय हे मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

मग मी एक उतारा काढला. एम.ए.ला प्राचीन मराठी शिकताना उतरवून घेतलेला, चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचा. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६ च्या सुमाराचा. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ काढला आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद दगडावर कोरली गेली. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण शेवटी काही ओळी मराठीत येतात. ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’ अशी त्यांची सुरुवात, आणि पुढे मठाला दिलं या अर्थाने ‘मढा दीन्हला’ असे शब्द. केणें म्हणजे विकायला आणलेला माल. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा कर मठाला दिला, असा त्याचा भाव.

मी शब्द फळ्यावर लिहून थांबले. सातवीतली एक मुलगी, जी मराठीच्या तासाला सहसा तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “मॅडम, आम्ही बी दिन्हाच म्हंतस.” मागून आणखी चार-पाच जणांनी ‘दिन्हा, दिन्हा’ म्हणायला सुरुवात केली. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या दगडावर कोरलेला शब्द पोरांनी स्वतःच्या तोंडच्या शब्दाने ओळखला. त्यानंतरचा अर्धा तास वाद रंगला: कोरलेला दगड भौतिक साधन की लिखित? आठवीचा एक मुलगा म्हणाला, दगड भौतिक आणि त्यावरचं लिखित, म्हणजे दोन्ही. मला त्याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं.

हा पाठ टाचणवहीत कुठे लिहायचा? तो सहावीचा होता, सातवीचा होता, आठवीचा होता. तो इतिहास होता आणि मराठीही. वहीप्रमाणे मला सहा वेगवेगळ्या पानांवर तोच मजकूर लिहावा लागला. चार तासिकांच्या टाचणाला एक रविवार दुपार गेली. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास मोजले आहेत आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे, ही त्या कायद्यातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट. तो तयारीचा वेळ विचारात जावा, साहित्य जमवण्यात जावा. तोच मजकूर सहा वेळा उतरवण्यात गेला तर वर्गात नेण्यासारखं हाती काही उरत नाही.

दुसरी अडचण छापील मजकुराची. मराठीच्या प्रत्येक पानावर ‘संभाव्य अडचणी’ असा रकाना आहे आणि कवितेच्या पानांवर तो आधीच छापून भरलेला: ‘बोलीभाषेतील शब्द समजण्यास कठीण’. ऑगस्टमध्ये मी पूरक म्हणून बहिणाबाईंची एक कविता घेतली. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी टिपून ठेवल्या. माझ्या वर्गात त्या कवितेतला एकही शब्द अडला नाही. उलट वहीत सुचवलेल्या प्रश्नांतले ‘आशय’, ‘प्रतिमा’, ‘भावसौंदर्य’ हे शब्द अडले. मी छापील ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘प्रमाण भाषेतील प्रश्न समजण्यास कठीण’. वही काढणाऱ्यांनी तो रकाना मोकळा सोडला असता तरी पुष्कळ झालं असतं. अडचण कुठल्या मुलांना कुठे येते हे छापखान्यात ठरत नाही.

मासिक नियोजनही असंच आधी भरून आलेलं. आठवीचा १९४२ च्या चळवळीचा भाग डिसेंबरात छापलाय, पुस्तकातला पाठांचा क्रम पाहता ते बरोबरच. पण ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार व त्याचे चार सोबती, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम, हुतात्मा झाले. शिरीषकुमार माझ्या आठवीच्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, एवढंच. हा पाठ ९ सप्टेंबरलाच घ्यायचा असतो असं मी मानते. मी तो पुढे ओढला आणि त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला बातमीलेखन ठेवलं. मुलांनी त्या दिवसाची बातमी लिहिली. कोण, कुठे, केव्हा, कसं, हे चार प्रश्न आधी आणि विशेषणं शेवटी, हा बातमीचा नियम त्या दिवशी आपोआप पाळला गेला, कारण घटनेलाच कुठल्या विशेषणाची गरज नव्हती. एका मुलाने मथळा लिहिला: ‘नंदुरबारला पाच मुलं गेली’. मी तो भिंतीवर लावला.

वहीत मात्र सप्टेंबर आणि डिसेंबर दोन्ही पानांवर खाडाखोड झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, मी समजावलं, त्यांना पटलं. पण नवीन लागलेला शिक्षक एवढं समजावण्याऐवजी छापील क्रम पाळेल, ही मला खरी काळजी आहे.

मूल्यमापनाच्या पानावर एक चूक तर सरळच आहे. तिन्ही इयत्तांना आकारिक (वर्षभराच्या कामाचे) आणि संकलित (सत्र परीक्षेचे) गुणांचा भार सारखाच छापलाय. सहावीला तो ५०-५०, सातवीला ४०-६०, आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आलेली. हे पान वापरू नका, स्वतः आखा.

साहित्याचा रकाना दोन बोटं रुंद. बहुधा नकाशा, तक्ता, चित्र एवढंच लिहायचं असतं असं गृहीत धरलंय. माझं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्था आल्या तेव्हा मी फड पद्धत घेतली, कारण गावाने मिळून नियम करणं म्हणजे काय हे दाखवायला खानदेशात त्याहून उत्तम उदाहरण मला माहीत नाही. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, बहुधा चार. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांची जमीन थोडी थोडी वेगवेगळ्या फडांत, म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवायचं ठरलं तर झळ एकट्यादुकट्याला लागत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. शेकडो वर्षं हे गावांनी स्वतः चालवलं.

मी भावाला सांगितलं. तो एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे गेला आणि फोन स्पीकरवर ठेवला. आदल्या दिवशी मराठीच्या तासाला आम्ही मुलाखतीचे प्रश्न तयार केले होते. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा प्रश्न विचारायचा नाही, एवढा एकच नियम. बावीस प्रश्नांतून मुलांनी नऊ निवडले. त्यातला एक: “पाणी चोरनार सापडला त काय करेत?” पाटकरी बाबांनी त्याचं उत्तर दहा मिनिटं दिलं, अहिराणीत, आणि अख्खा वर्ग न हलता ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी मुलांनी तीच मुलाखत प्रमाण मराठीत लिहून काढली. त्या लिखाणातून मला क्रियापदांच्या रूपांवर चार तासांचं काम मिळालं. पावरी बोलणाऱ्या तीन मुलांना अहिराणी बाबांचं काही कळलं नव्हतं, ते शेजारच्यांनी त्यांना समजावलं, आणि तिसऱ्या भाषेतून लिहिलेला त्यांचा मसुदा सगळ्यांत नेटका निघाला.

वहीत साहित्याच्या रकान्यात मी लिहिलं: ‘भावाचा फोन’. बाकी सगळं एका वेगळ्या कागदावर लिहून तो पानाला डिंकाने चिकटवला. मार्चपर्यंत असे एकोणचाळीस कागद झाले आणि वही मिटेनाशी झाली.

जे मला सगळ्यात जास्त हवं होतं त्याला वहीत जागाच नाही. तास झाल्यावर खरं काय घडलं, हे लिहायला एकही रकाना नाही. ‘शेरा’ आहे, पण तो तपासणाऱ्याच्या सहीपुरता. कुठल्या प्रश्नाला वर्ग गप्प झाला, कोण पहिल्यांदा बोललं, कुठला भाग पुढच्या वर्षी आधी घ्यायचा, हे त्याच दिवशी टिपलं नाही तर आठवड्यात विसरतं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मी एकदा मुलांना नेलं होतं, तिथे जुने कागद जपून ठेवलेले पाहून एकाने विचारलं होतं, “मॅडम, तुमच्या वह्या कुठे जातात?” तेव्हापासून माझ्या टाचणवह्या मी रद्दीत घालत नाही.

घ्यावी का? एक इयत्ता आणि एक विषय असेल, नोकरीचं पहिलंच वर्ष असेल, तर जरूर घ्या. मागची निष्पत्तींची पानं आणि वेळापत्रकाची चौकट यांतच पैसे वसूल होतात. घेतल्या घेतल्या बांधणी शिवून घ्या आणि मासिक नियोजनाच्या छापील ओळींवर कोरा कागद चिकटवा. बहुवर्ग, म्हणजे एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता, असेल, भाषा आणि सामाजिक शास्त्रं एकाच हातात असतील, तर ही वही घेऊ नका. पाचपैकी अडीच.

या जूनसाठी मी दोन क्वायरचं साधं शिवलेलं रजिस्टर आणलंय, १३० रुपयांचं. जुन्या वहीतली निष्पत्तींची पानं कापून त्याच्या शेवटी लावली. डावं पान तिन्ही वर्गांचं एकत्र नियोजन, इयत्ता समासात. उजवं पान कोरं, वर फक्त ‘आज काय झालं’. शाळा उघडायला अजून नऊ दिवस आहेत आणि पहिल्या डाव्या पानावर पाटणचा शिलालेख लिहून झालाय.