अकरा रात्री, मग पायाखाली पाणी: संडासाचं प्लंबिंग 'सोपं' करून देणाऱ्यापासून सावध राहा

मी नऊ वर्षं शिडाची बोट चालवतोय. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून "याला काही कळत नसेल" असं कुणी म्हणेल. कळत होतं. तरी फसलो, आणि हे लिहिताना अजूनही हात थरथरतोय.

बोटीवरच्या संडासाचं काम साधं होतं. बाऊलमधून (संडासाच्या भांड्यातून) निघालेला मैला वाय व्हॉल्व्हपाशी, म्हणजे वाट बदलणाऱ्या झडपेपाशी, यायचा. तिथून एक वाट मैला साठवायच्या टाकीकडे, एक थेट समुद्राकडे. टाकीच्या पुढे पुन्हा दोन वाटा. एवढ्या पसाऱ्यात कुठे तुंबलं तर कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. मला वाय व्हॉल्व्ह काढून टाकायचा होता. सगळा मैला आधी टाकीत, टाकीतून डेकवरच्या पंप-आउटला (टाकी उपसायचं तोंड) किंवा लांब समुद्रात गेल्यावर खालच्या सीकॉकला, म्हणजे बोटीच्या अंगातल्या भोकावरच्या झडपेला. एकच सरळ रस्ता.

प्लंबिंग करणारा एक माणूस आला, पाहिलं, म्हणाला, "साहेब, जितके सांधे कमी तितकी गळती कमी." म्हणणं खरंच होतं, म्हणून तर विश्वास बसला. अंदाजपत्रकात लिहून दिलं: मैल्यासाठीचा खास 38 मिलिमीटरचा होज (जाड लवचिक नळी) 14 मीटर, स्टीलचे क्लॅम्प 24, मैला मागे येऊ न देणारा नवा जोकर व्हॉल्व्ह 1. साठ टक्के आगाऊ, चाळीस काम संपल्यावर. तीन दिवसांत काम झालं आणि त्याच संध्याकाळी चाळीस टक्केही दिले. मागे काहीच ठेवलं नाही. बिलावर काय होतं? "संडास प्लंबिंग, एकरकमी." मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत.

आणि आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. पैसे द्यायच्या आधी मी होज जिथून जातो ते लॉकर उघडलं, तर आतून लिंबाच्या सुगंधी फवाऱ्याचा भपकारा आला. बायको मागून म्हणाली, "अहो, एवढा वास कशाला मारलाय यांनी?" मी म्हणालो, काम करताना घाण झाली असेल, म्हणून मारला असेल. अरे, नवा होज टाकला असेल तर त्या कोंदट जागेत नव्या रबराचा वास यायला हवा! तिला दोन सेकंदांत खटकलं ते मला खटकलं नाही. त्यात त्या लॉकरमध्ये हात खांद्यापर्यंत जातो पण डोकं जात नाही. समोर दिसणारा तुकडा पांढरा शुभ्र आणि क्लॅम्प चकचकीत, मग मागे काय आहे ते कोण पाहणार? पण फोन आत घालून एक फोटो काढता आला असता. तुम्ही काढा. प्रत्येक सांध्याचा काढा.

दहा दिवस वापरूनही टाकीचा काटा शून्यावर होता. मला वाटलं काटा अडकला असेल.

अकराव्या रात्री पाय खाली टाकला तर थंड पाणी. फळ्यांवर घोट्यापर्यंत. बाऊल काठोकाठ भरून शांतपणे बाहेर सांडत होता, जराही आवाज नाही. पोटावर झोपून पाणी आत घेणारा सीकॉक बंद केला, तेव्हा कुठे थांबलं. होय, तो रोज रात्री बंद करायला हवा, मलाही माहीत आहे. पण नऊ वर्षं चुकून उघडा राहिला तरी एक थेंब आला नव्हता, कारण व्हेंटेड लूप होता. आमच्या बाऊलचा काठ पाणरेषेच्या खाली आहे. होज वर उंच नेऊन कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला की पाणी आपोआप आत ओढणारा सायफन तुटतो, बोट कितीही कलली तरी. या माणसाने दोन्ही लूप काढून टाकले होते, येणाऱ्या पाण्याचाही आणि जाणाऱ्या मैल्याचाही. "साहेब, सोपं केलं."

सगळं उचकटलं तेव्हा खरं कारण कळलं. लूप ठेवला तर होज जास्त लागतो! नवा होज निघाला 3 मीटर 20 सेंटीमीटर, दोन तुकड्यांत, फक्त दिसणाऱ्या भागात. मागे कनेक्टर घालून माझाच जुना होज जोडलेला. आतून मूत्राच्या क्षारांनी इतका भरलेला की अंगठा जेमतेम आत जाईल. क्लॅम्प 13, प्रत्येक सांध्याला एकेक. वाय व्हॉल्व्ह फळीमागे तसाच, फक्त मूठ काढलेली, तोंड समुद्राकडे. म्हणजे अकरा दिवस आमचा मैला बंदरात जात होता आणि मला पत्ताच नाही. याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते. जोकर व्हॉल्व्ह? जुनाच, पालथा करून धुतलेला.

जुन्या होजवर शंका असेल तर कापड गरम पाण्यात भिजवून पिळा, होजभोवती गुंडाळा, थंड झाल्यावर काढून हुंगा. कापडाला वास आला म्हणजे होज मुरलेला आहे. पाच मिनिटांचं काम, पैसे देण्याआधी करा.

मग तक्रारी. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. ज्यांच्या फलकावर त्याचं कार्ड लावलं होतं ते गोदीचं कार्यालय म्हणालं, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. विम्याचा माणूस बाऊलपाशी वाकलासुद्धा नाही, "झीज" असं लिहून गेला. होजची झीज झाली म्हणे, जो बदलण्याचे पैसे मी मोजले होते! बंदरात मैला जात होता हे स्वतः कबूल करून मी बंदर अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी मार्पोलचं, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, मैल्याबद्दलचं चौथं परिशिष्ट काढलं: 400 सकल टन वा त्याहून मोठी किंवा 15 हून अधिक माणसांची जहाजं. तुमची बोट लहान, आमच्या कक्षेत नाही. अहो, तोच नियम मोठ्या जहाजाला सांगतो की कच्चा मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे सोडा, बारीक करून जंतुमुक्त केलेला 3 मैलांपलीकडे. आणि बंदराच्या आत एक माणूस मूठ काढून व्हॉल्व्ह समुद्राकडे फिरवून ठेवतो, तर ते कुणाचंच काम नाही? ग्राहक कक्षात विचारलं, 14 मीटर ठरले होते याचा पुरावा? अंदाजपत्रक दाखवलं. त्यावर त्याची सही नाही. सही घ्या. मीटरवारी बिल घ्या. जुना होज मोजून ताब्यात मागा, तो म्हणेल फेकला, तर तिथेच थांबा. निदान वीस टक्के रक्कम बोट एकदा पूर्ण कलवून आणेपर्यंत देऊ नका.

दुसऱ्याकडून काम नीट करून घेतलं, पहिल्या रकमेच्या सव्वापट लागले. सगळा वेळ शेजारी बसून राहिलो. आता वाय व्हॉल्व्ह नाही, लूप दोन्ही आहेत, टाकीच्या हवेची नळी रुंद आणि आखूड, दर सांध्याला दोन क्लॅम्प. काटा चालतो, तो कधी अडकलाच नव्हता.

जुन्या होजचे तुकडे दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवलेत, कुणी तपासायला आलं तर दाखवायला. तक्रारीला चार महिने झाले. अजून कुणी आलेलं नाही, आणि त्याचं कार्ड फलकावर तसंच आहे.