पावसाळाभर उभी राहणारी बुलेट: क्रोमला ऑइल की वॅक्स?

थंडीभर गाडी झाकून ठेवायची पाळी बर्फाच्या मुलखात येते. आपल्याकडे ती मिरगाला येते. माझी 2006 ची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट कोकणात गुहागरजवळच्या घरी असते आणि मी पुण्यात. जूनच्या सुरुवातीला पडवीत उभी केली की थेट गणपतीला बाहेर. मधल्या काळात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारा वारा, आणि पडवीच्या जमिनीला कायम ओल.

क्रोम स्वतः गंजत नाही, गंजतं ते खालचं लोखंड. वरचा चकाकणारा थर मायक्रॉनच्या अंशाएवढा पातळ असतो, त्याखाली निकेल आणि मग लोखंड. त्या थरांत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतात. मिठाचं पाणी तिथून आत उतरतं आणि गंज आतून टिपक्यांनी वर येतो. तेव्हा काहीही लावा, काम एकच: ती छिद्रं तीन महिने बुजवून ठेवायची.

आमच्याकडे पिढीजात उपाय ऑइलचा. बदललेलं काळं ऑइल नको, त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात. डब्यात तळाला उरलेलं नवं ऑइल घ्यायचं, सुती फडक्याने सगळीकडे हात फिरवायचा, वीस मिनिटांत मोकळे. (कास्ट आयर्न बुलेट ऑइल गळून निम्मं काम स्वतःच करते, म्हणा.) ऑइलचा मोठा गुण म्हणजे ते शोधत जातं. स्पोक रिमला जोडणाऱ्या निपलमध्ये, लेगगार्डच्या क्लॅम्पखाली, बोट पोचत नाही तिथेही ते उतरतं. दमट हवेतही लावता येतं. मी सहा-सात पावसाळे हेच केलं आणि गंजाबद्दल फारशी तक्रार नव्हती.

तक्रार वेगळीच होती. पडवीत पावसाळ्याचा लाकूडफाटा रचलेला असतो आणि कीड लागलेल्या लाकडातून बारीक पीठ सतत गळत असतं. ते ऑइलवर बसतं. वर शेणींचा भुगा, कोंबड्यांची पिसं. हरतालिकेच्या दिवशी चादर काढली की मडगार्डवर थालीपीठ थापल्यासारखा थर! तो पुसायचा कशाने? रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेल. दोन्ही रिमचे स्पोक एकेक करून चिंधीने ओढायचे, त्यात अर्धा दिवस जातो. घरात आरास व्हायची असते, बाजारहाट बाकी असते आणि मी अंगणात कोपरापर्यंत काळा. एका वर्षी आईने स्पष्ट सांगितलं, ‘त्या हातांनी मखराला शिवायचं नाही.’ साबण, लिंबू, राख, सगळं झालं. वास रात्रीपर्यंत गेला नाही. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या बेंड पाइपवर घाईत राहून गेलेलं ऑइल पहिल्याच फेरीत धुरासकट जळलं. तो तपकिरी डाग अजून आहे.

त्यानंतर वॅक्सकडे वळलो. कारच्या रंगाला लावतात तेच, कार्नाउबाचं (एका ताडाच्या पानांवरचं मेण), डबीतलं घट्ट. लावायला जिवावर येतं हे कबूल. गाडी धुऊन उन्हात कडकडीत वाळवायची, पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचं, पुसायचं, आणि पुन्हा एकदा. मी मडगार्ड, हेडलाइटची रिंग, लेगगार्ड, सायलेन्सर आणि रिमला दोन हात देतो. पूर्ण सकाळ जाते. कडेकोपऱ्यात पांढरं राहतं ते दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावं लागतं. पण भाद्रपदात लाकडाचं पीठ फुंकरीने उडतं, उरलेलं कोरड्या फडक्याने. गेल्या वर्षी दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर होती. सायलेन्सरवरचं वॅक्स तापून वितळतं, किंचित वास येतो, बस्स.

गंजाच्या बाबतीत दोन्हींत किती फरक पडला, ते मी मोजलेलं नाही. चार पावसाळ्यांत रिमवर नवे टिपके दिसले नाहीत एवढंच. ऑइलच्या काळात पिठाच्या थराखाली दोन-तीन तरी सापडायचेच. ते पीठ ओल धरून ठेवत असावं असा माझा तर्क. मात्र तुमचं क्रोम आधीच पुरळ उठल्यासारखं झालं असेल तर वॅक्सवर फार भिस्त ठेवू नका. उघड्या पडलेल्या लोखंडात ऑइल मुरतं, वॅक्स वरवर राहतं. आधी ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलकेच घासा, टिपके बरेच जातात. मग ऑइलच लावा. स्पोकच्या निपलना मीही अजून ऑइलचा थेंब देतोच.

व्हॅसलीनही एक वर्ष वापरून पाहिलं. झाकतं छान, पण पीठ ऑइलपेक्षा जास्त धरतं. डब्ल्यूडी-40 चं नावच ‘पाणी हुसकावणे, चाळिसावा प्रयोग’ या अर्थाचं आहे. धुतल्यावर खाचांतलं पाणी काढायला उत्तम, पण तीन महिन्यांच्या भरवशाचं नाही.

लेप कुठलाही असो, ताडपत्री गुंडाळू नका. आत घाम धरतो. सुती चादर, चाकांखाली फळी, सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा. आणि घरच्यांना ‘आठवड्याला पाच मिनिटं चालू करा’ असं सांगू नका. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं आणि गाडी नीट तापली नाही तर त्यातलं काही सायलेन्सरमध्येच साचतं.

वॅक्स लावायचं तर मे संपायच्या आत, उन्हाचा एक अख्खा दिवस हाताशी असताना. मिरगाचे ढग आल्यावर डबी उघडण्यात अर्थ नाही. त्या वर्षी मुकाट्याने ऑइलचं फडकं घ्या, आणि हरतालिकेला डिझेल आणून ठेवा.