परदेशात पडलेल्या जवानाची नोंद शोधताना: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची शोधसेवा

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातील अनेक घरांत एखादे पणजोबा किंवा चुलत आजोबा ‘लढाईत गेले’ एवढीच माहिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते; ते कोणत्या मुलुखात पडले आणि त्यांच्या देहाचे पुढे काय झाले, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते. अशा कुटुंबांनी सर्वप्रथम जिथे डोकवावे, ती सेवा म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरील विनामूल्य शोध. 1917 साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतून लढताना पडलेल्या सुमारे 17 लाख मृतांची स्मृती सांभाळते आणि तिच्या खर्चात भारत सरकारचाही वाटा असतो. त्यामुळे ही सेवा वापरताना उपकाराची भावना बाळगण्याचे कारण नाही.

सेवेची पारख करण्यासाठी नाईक (हा सैन्यातील हुद्दा) यशवंत घाडगे यांचे नाव घेऊ. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अवघ्या 50 यार्डांवरून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतील बाकी सर्व जण ठार किंवा जखमी झाले. तेव्हा तो एकटाच त्या मोर्चावर धावून गेला, हातगोळ्याने मशीनगन आणि ती चालवणाऱ्याला संपवले, आणखी एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले; त्यानंतर छातीत आणि पाठीत गोळ्या लागून त्याच मोर्चात त्याने प्राण सोडला. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या या जवानाची ज्ञात समाधी मात्र नाही. कमिशनची नोंद त्याला कसिनो मेमोरियलवर दाखवते. दफनस्थळ ठाऊक नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. हे मेमोरियल ज्या कसिनो वॉर सिमेट्रीच्या आवारात आहे, तिथे प्रत्यक्ष दफने आहेत, म्हणून ‘सिमेट्री’ आणि ‘मेमोरियल’ या दोन शब्दांतील फरक नोंद वाचताना नीट ध्यानात घ्यावा. हिंदू जवानांपैकी अनेकांचे दहन झाले असल्यामुळे ‘क्रिमेशन मेमोरियल’ असा तिसरा प्रकारही आढळतो. इटलीतील फोर्ली येथे असे एक स्मारक आहे.

शोध रोमन लिपीतूनच करावा लागतो आणि आपल्या मंडळींची खरी अडचण तिथेच सुरू होते. भरतीच्या वेळी कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले नाव आणि आज घरात लिहिले जाणारे नाव जुळेलच असे नाही. ‘पवार’चे ‘पोवार’ होणे तर किरकोळच. म्हणून आडनावावर फार विसंबू नये. रेजिमेंट, भारतीय सैन्य, देश आणि मृत्यूचा काळ हे निकष आधी लावावेत आणि येणारी यादी गावाच्या व वडिलांच्या नावावरून गाळत न्यावी. सैनिक क्रमांक हाती असेल, तर तो मात्र सर्वांत भरवशाचा. जुन्या ट्रंकेतील पेन्शनचे कागद या कामासाठीच उघडावेत. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या दोनच कालखंडांतील मृत्यू इथे सापडतात, त्यामुळे 1962 किंवा नंतरच्या युद्धांतील जवानांचा शोध येथे घेऊ नये.

हुद्दा, वंश वा धर्म काहीही असो, मृतांना सारखीच वागणूक, हे कमिशनचे घोषित तत्त्व आहे. पुणेकरांना ते खडकीच्या वॉर सिमेट्रीत पाहता येते: अधिकाऱ्याचा आणि शिपायाचा दगड एकाच मापाचा, हिरवळ कातरलेली, अक्षरे स्वच्छ. पण पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) वळले की हे तत्त्व लंगडे पडते, आणि मराठा पलटणी मोठ्या संख्येने गेल्या त्या नेमक्या त्याच आघाडीवर. बसरा मेमोरियलवर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य भारतीय शिपायांचा मात्र पलटणनिहाय नुसता आकडा आला. 2021 मध्ये खुद्द कमिशनच्या विशेष समितीने अशा भेदभावाची कबुली दिली. किमान 1,16,000 मृतांची, त्यांत प्रामुख्याने आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील लोक होते, नावानिशी नोंदच झाली नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. कमिशनने माफीही मागितली. तेव्हा कूत किंवा बसऱ्याकडे गेलेल्या पूर्वजाचे नाव दगडावर दिसले नाही, तरी तो मेलाच नव्हता किंवा घरची हकीकत खोटी होती, असा निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या महायुद्धासाठी ही सेवा मी बिनदिक्कत सुचवेन; पहिल्या महायुद्धासाठी तिच्या जोडीला रेजिमेंटचे दप्तर आणि जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालय यांच्याकडे चौकशी करणे भागच आहे.

नोंद सापडली की त्या जवानाच्या नावाचे स्मृती-प्रमाणपत्र संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ते मोफत आहे. प्रत्यक्ष भेटीला जाणाऱ्यांनी पॅनेलचा, म्हणजे नाव कोरलेल्या फलकाचा, क्रमांक टिपून न्यावा, कारण अशा स्मारकांवर नावे आधी रेजिमेंट, मग हुद्दा, या क्रमाने असतात आणि सरळ आडनावाने शोधणारा माणूस खांबांभोवती नुसता फिरत राहतो. घाडगे यांच्यासाठी इटलीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: 2023 मध्ये मोंतोने येथे त्यांच्या नावाने उभारलेले सूर्यघड्याळाचे स्मारक कमिशनचे नाही. मोंतोने उंब्रियात आहे आणि कसिनो रोमच्याही दक्षिणेला, त्यामुळे दोन्ही ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा बेत आखू नये.