घरच्या हायड्रोपोनिक्स किटचा रिव्ह्यू : पालेभाजी खाणाऱ्यांनी जरूर घ्या, पण आधी हे वाचा

गॅलरीत हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यावर भाजी वाढवायचं किट, लावावं का असं सोसायटीतले बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आमच्याकडे पुण्यात पूर्वेच्या गॅलरीत 36 भोकांचं पाइपवालं किट आहे, खाली टाकी, टाकीत छोटा पंप, पंप पाणी वर चढवतो आणि ते पाइपांतून पातळ धारेने फिरत परत टाकीत येतं, याला एनएफटी (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक) म्हणतात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण या टाइपची सगळी किटं थोड्याफार फरकाने सारखीच, जे काही चांगलं-वाईट आहे ते पद्धतीचंच आहे.

सगळ्यात जास्त आवडलं ते लेट्यूस. बी कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) रुजवून रोप जाळीच्या कपात ठेवलं की थंडीत पाच-सहा आठवड्यांत गड्डा तयार, आणि सगळं न उपटता बाहेरची पानं तोडत राहिलं तर बरेच दिवस पुरतं. आपला देशी पालक तर फारच गुणी, तो मुळात बीटच्या कुळातला असल्यामुळे ऊन बऱ्यापैकी सोसतो आणि कापला की परत फुटतो. मला अजूनही भारी वाटतं ते म्हणजे कप उचलून मुळं बघता येतात. पांढरीशुभ्र, ओली, दाढीसारखी लोंबणारी मुळं दिसली म्हणजे सगळं ठीक, तपकिरी बुळबुळीत झाली आणि वास यायला लागला म्हणजे कुज सुरू. कुंडीत हे कळायला रोप मान टाकेपर्यंत थांबावं लागतं, इथे आधीच कळतं. शिवाय मातीची पोती वर चढवायची नाहीत, तण नाही, आणि तेच पाणी फिरत राहतं म्हणून पाणी खूप कमी लागतं, टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांना हा फायदा लगेच पटेल.

आता अडचणी, आणि पहिली अडचण लाईटची. पंप 18 वॅटचा आहे, चोवीस तास चालवला तरी महिन्याला 13 युनिट, त्यामुळे बिलाचं काही नाही, पण गुरुवारी मेन्टेनन्ससाठी लाईट गेली की पाइपातलं पाणी ओसरतं आणि मुळं उघडी पडतात, मे महिन्यात दोन-तीन तासांत पानं लोळायला लागतात. इन्व्हर्टरवर पंपाचा पॉइंट घेतल्याशिवाय हे किट घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं ऊन. टाकीतलं पाणी 28 डिग्रीच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मुळं कुजवणारी बुरशी धरते, लेट्यूस तर उन्हाळ्यात उंच दांडा काढून कडू होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही लेट्यूस लावतच नाही, फक्त पालक आणि टाकीवर ओलं गोणपाट.

मग ते पाण्याचं मोजमाप. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा, 5.5 ते 6.5 मध्ये लागतो, तो वर गेला की पाण्यात लोह असूनही झाडाला घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं. पीएच मोजायचा पेन आणि टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा) पेन दोन्ही हवेत, आणि पीएचचा पेन अधूनमधून कॅलिब्रेट केला नाही, म्हणजे माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणात बुडवून जुळवून घेतला नाही, तर काहीही आकडे दाखवतो. बोअरचं जड पाणी असेल तर सुरुवातीलाच टीडीएस इतका असतो की खत घालायला जागाच उरत नाही. खताच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या येतात, त्या कधीही थेट एकमेकीत ओतायच्या नाहीत, कारण ए मधलं कॅल्शियम बी मधल्या फॉस्फेट-सल्फेटशी जुळून पांढरा साका होऊन तळाला बसतं आणि झाडाच्या उपयोगाचं राहत नाही. आधी टाकीत ए, ढवळायचं, मग बी. आमच्या किटच्या कागदावर हे एका ओळीतही नव्हतं आणि ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते, नवीन माणसाचं पूर्ण खत यात वाया जाऊ शकतं!

विकणारे 'केमिकल फ्री' म्हणतात तेही मला पटत नाही. हे खत म्हणजे कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट असे क्षारच आहेत. त्यात वाईट काही नाही, झाड शेवटी क्षाराच्याच रूपात अन्न घेतं, फक्त कीटकनाशक मारलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं एवढंच म्हणा. मावा आणि पांढरी माशी इथेही येतातच, कडुनिंबाचं तेल लागतंच.

पैशाचं म्हणाल तर मेथी, शेपू, कोथिंबिरीच्या जुडीशी याचा हिशोब जुळत नाही. मेथी तर ट्रेमधल्या मातीत तीन-चार आठवड्यांत येते, तिच्यासाठी एक भोक अडवणं फुकट आहे. लेट्यूस, बेझिल, पाक चोय (चिनी पालेभाजी) या मंडईत महाग किंवा शिळ्या मिळणाऱ्या गोष्टी लावल्या तर मात्र पैसे वसूल. पुदिना किटमध्ये लावू नका, त्याची मुळं पाइपभर पसरून पाणी अडवतात. टोमॅटोला या पाइपात आधार नाही, त्याला खतही जास्त लागतं आणि चांगलं ऊनही.

ज्यांना नुसतं करून बघायचंय त्यांनी हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांची बिनपंपाची पद्धत आधी करा. झाकणाची गडद बादली, झाकणाला भोक, त्यात कप, खाली खताचं पाणी. पाणी जसं खाली जातं तशी वरची मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात, म्हणून मध्येच काठोकाठ भरायचं नाही. पारदर्शक डबा नको, शेवाळ येतं, आणि कपाभोवती फट ठेवू नका, डास अंडी घालतात. पुदिन्यालाही हीच बादली बेस्ट, फक्त त्याला थोडं-थोडं पाणी घालत राहायचं. किट घ्यायचंच ठरलं तर ऑक्टोबरअखेर सुरू करा आणि टाकीला खालून ड्रेनचा नळ असलेलंच घ्या, दोन-तीन आठवड्यांनी पाणी बदलावं लागतं, ते नळाने बादलीत काढून जास्वंदीला घालता येतं.